कुंदाला घेऊ नका

आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. नव्या पाहुण्याला वाटे की आत भांडण चाललंय, पण माय फक्त मीठ कुठे ठेवलं ते सांगत असे. कारण होतं गिरणी. जळगावात आमची पिठाची गिरणी पुढे आणि राहायच्या दोन खोल्या मागे. मधलं दार कधी लागलंच नाही, लावलं असतं तरी आवाज थांबला नसता. पट्ट्याची फटफट आणि दगडांची घरघर दिवसभर अंगात भिनलेली असे. नाना, म्हणजे आमचे वडील, भुवयांपर्यंत पांढरे होऊन जेवायला आत येत आणि खुणेनेच अजून एक भाकर मागत. भाकर बहुधा कळण्याची. ज्वारी आणि अख्खे उडीद मिठाबरोबर एकत्र दळायचे, त्याची काळसर, जाड भाकर. सोबत ठेचा आणि कांदा. वांग्यांच्या दिवसात भरीत. आता डॉक्टरांनी मला उडीद कमी करायला सांगितलाय, पण हिवाळ्यात मी त्यांचं ऐकत नाही.

आम्ही दोघी बहिणी. थोरली विमल, तिला मी अक्का म्हणायची, आणि धाकटी मी. अक्का बुटकी, सावळी, उन्हाला कंटाळणारी. मी उंच, हाडापेराने दणकट. धान्याचं पोतं एका दमात काट्यावर ठेवायची, म्हणून नाना मला गिऱ्हाइकांसमोर ‘मना पोऱ्या’, माझा मुलगा, म्हणत. आमच्या शाळेत तेव्हा सॉफ्टबॉल नवीनच सुरू झाला होता. बेसबॉलचीच ही धाकटी बहीण. बॉल जरा मोठा आणि पिचर तो खालून फेकते, एवढाच काय तो फरक पाहणाऱ्याला दिसतो. शिकवायला चौधरी सर होते. त्यांनी माझा हात पाहिला आणि पहिल्याच आठवड्यात मला आउटफिल्डला उभं केलं. मैदानाच्या शेवटी, बाभळींच्या रांगेपुढे. तिथून मी बॉल थेट बॅटिंग करणारी उभी राहते त्या होमबेसपर्यंत फेकायची. बॅटिंगला आले की मारायची ते असं, की बॉल बाभळीत अडके आणि लहान पोरींना काटे सांभाळत तो काढावा लागे. अख्ख्या शाळेत माझं नाव झालं. मायला खेळ काही कळत नव्हता, पण पाण्याला गेली की बायका विचारत, “तीच का तुनी पोर, बॉल हारपाडनारी?” आणि बॉल हरवणाऱ्या पोरीची ही आई घरी येऊन ते आम्हाला पुन्हा सांगत असे.

अक्का या खेळात आली ती तिच्या अक्षरामुळे. ती तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. सरांना सामन्याचे स्कोअर नीट लिहिणारं कोणी मिळत नव्हतं. तिने लिंबाखाली टेबल मांडून घेतलं, डोक्यावर ओढणी घेतली आणि लिहायला बसली. पहिल्या वर्षी नुसतं लिहिलं. दुसऱ्या वर्षी ती आकड्यांकडे बघायला लागली. जिल्ह्याच्या मुली सरच निवडत, आणि त्यांची पद्धत तोवर साधी होती. मुलगी किती वेळा बॅट घेऊन उभी राहिली आणि त्यातल्या किती वेळा मारून बेसवर पोचली, याची सरासरी काढायची. जिची जास्त ती वर. यादी शाळांच्या फळ्यांवर लागे, वरच्या पोरी जिल्ह्यातून पुढे जात, आणि दर वर्षी राज्याच्या स्पर्धेत जाऊन बॉलला बॅट न लावता परत येत. सर मनाचे हळवे होते. त्या पोरी परतल्या की त्यांच्यापेक्षा तेच जास्त ओशाळलेले दिसत.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, चालल्या होत्या. माय मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा हाटत होती, मी ओल्या धोतरावर बिबड्या थापत होते आणि अक्का सावलीत बसून गरम घाटा तेल-तिखट घालून खात होती. सर बिबड्यांची ज्वारी दळायला आले होते, ते तिथेच टेकले. म्हणाले, “विमल, तू हे शिकतेस, तर मला एक सांग. आपल्याकडे मारणाऱ्या पोरी तिथे जाऊन का मारत नाहीत?” अक्काने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, “बघते.” ती सगळी सुट्टी तिने दोन वर्षांचे कागद पसरून घालवली. मी तिच्याकडे पाहून हसायची. उन्हाला घाबरून घरात बसण्याचं निमित्त, असं मी मायला सांगितलं.

माझा भाचेनातू परवा मला मोबाइलवर कुठल्याशा परदेशी खेळाडूचे रंगीत तक्ते दाखवत होता. कुठल्या उंचीचा बॉल तो मारतो, कुठला सोडतो, वेगवान पिचरपुढे काय करतो आणि हळू पिचरपुढे काय. तरुण पोराचं पुढे काय होणार, हे आता असं ठरवतात म्हणे. मी त्याला सांगितलं की तुझी आजी हे ज्वारीच्या पोत्यावर बसून करायची. त्याला ते खरं वाटलं नाही.

त्या वर्षी राज्य स्पर्धेआधीच्या शिबिरासाठी जिल्ह्यातून आउटफिल्डची एकच मुलगी पाठवायची होती. फळ्यावर माझं नाव सगळ्यात वर होतं. शिबिर पुण्याला. मी पुणं पाहिलं नव्हतं. मायने माझ्यासाठी नवीन चादर काढून ठेवली होती आणि नानांनी बूट आणले होते, तेही मी मागायच्या आधी.

निवड कळवायच्या आदल्या दिवशी सर गहू दळायला आले. संध्याकाळची वेळ, गिरणीत दहा-बारा बायामाणसं डबे घेऊन उभी. सर पोत्यावर बसले, अक्का त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि दोघं त्या आवाजात एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलायला लागले. मी आतल्या दाराशी पीठ चाळत होते. शब्द नीट कळत नव्हते, पण विषय माझा आहे हे कळत होतं. सर हात उंच करून यादीतलं वरचं नाव दाखवत होते, अक्का नाही म्हणून मान हलवत होती. तेवढ्यात पट्टा निसटला. आमच्या गिरणीत ते नेहमीचंच. एक फटका बसला आणि दगड घरघरत थांबले. सगळीकडे एकदम सामसूम झाली, आणि त्या सामसुमीत माझ्या बहिणीचा ओरडून बोललेला आवाज सगळ्यांनी ऐकला.

“कुंदाला घेऊ नका, सर.”

एका बाईने डबा या हातातून त्या हातात घेतला. नानांच्या हातात पट्टा तसाच लोंबत राहिला. अक्काने मला दारात पाहिलं. तिचा चेहरा उतरला, पण तिने शब्द मागे घेतला नाही. आता ओरडायचं कारण नव्हतं, म्हणून हळू आवाजात तिने पुढचं सांगितलं. कुंदाची सरासरी मोठी आहे, पण ती आली आहे साध्या पिचरपुढे. तालुक्याच्या, गावच्या शाळांपुढे. धुळ्याच्या दोन वेगवान पोरींपुढे तिने बॅट फिरवली आणि बहुतेक वेळा हवेत फिरवली. खांद्यावरचा बॉल ती सोडतच नाही. “रुखसाना कमी मारते. पण ती वाईट बॉलला हात लावत नाही. वेगवान पिचरपुढेही ती सहजासहजी बाद होत नाही, आणि ती अजून लहान आहे. अंगात जोर येईल, सर. बॉल ओळखायची नजर मात्र मोठेपणी येतेच असं नाही.”

रुखसाना एरंडोलची. शाळांच्या सामन्यांत मी तिला पाहिलं होतं, आणि धुळ्याविरुद्ध आम्ही जिल्ह्याच्या एकाच संघात होतो. काटकुळी, बॅट तिच्यापेक्षा जड वाटावी अशी. फळ्यावर ती खालून दुसरी होती. सर उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझं नाव राखीव ठेवतो, बेटा,” आणि गव्हाचा डबा तिथेच विसरून गेले.

त्या दिवशी जेवताना गिरणी बंद होती. भाकर वाढता वाढता मायच म्हणाली, “घरनी पोर शे ती, विमल. वैरीनी नही.”

“मला विचारलं म्हणून सांगितलं, माय.”

“दुसरं कोनी सांगतं ते चालतं. तूच काब्रं सांगनी?”

“दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.”

नानांना चारचौघांसमोरचं बोलणं लागलं होतं, ते इतकंच म्हणाले, “बठ्ठा लोकस्ना मोरे बोलनी ना तू.” अक्का म्हणाली की पट्टा निसटेल हे तिला कुठे ठाऊक होतं. नाना यावर हसले, आणि ते हसल्याचा मला अक्कापेक्षा जास्त राग आला. मी ताटावरून उठले. त्यानंतर मी अक्काशी बोलणं टाकलं. एका खोलीत, शेजारी अंथरूण, एका तांब्यातून पाणी, आणि बोलणं नाही. गिरणीच्या आवाजात ते फारसं कोणाच्या लक्षातही आलं नसेल. अक्काच्या आलं. ती माझ्या वाटणीची भांडी घासू लागली आणि मी तिला घासू दिली.

मग सर पुन्हा आले, या वेळी चिंतेत. रुखसानाचे वडील तिला पाठवायला तयार नव्हते. सर दोनदा जाऊन आले होते. त्यांचं म्हणणं, विमलने जावं, घरात बसून आईशीही बोलता येईल. अक्का तयार झाली. मायने आपली अट घातली, एकटीने जायचं नाही, कुंदाला सोबत ने. मी नाही म्हटलं. मायने माझ्याकडे नुसतं पाहिलं. राखीव मुलीने, निवडलेल्या मुलीला पाठवा म्हणून तिच्या बापाला विनवायला जायचं. आणि तो बाप अडून राहिला, तर पुण्याची गाडी मीच पकडणार. हे मायच्या ध्यानात नव्हतं असं मला कधी वाटलं नाही. पण तिने मला का पाठवलं, ते मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.

बसमध्ये अक्का खिडकीशी बसली, मी कडेला. वाटेतलं पाळधी गाव गेलं, तरी आम्ही गप्प. एकदा तिने पिशवीतून शेंगा काढून माझ्यापुढे धरल्या. मी घेतल्या नाहीत.

एरंडोलला रुखसानाचं घर शोधायला वेळ लागला नाही, कारण दारात लाकडाच्या भुशाचा ढीग होता. तिचे वडील युसूफभाई खरादी काम करत. लाटणी, खाटेचे पाय, पाळण्याच्या दांड्या. खरादाचा आवाज ऐकून मला आमची गिरणी आठवली आणि उगीचच जरा बरं वाटलं. त्यांनी खराद थांबवला, हात पुसले, आम्हाला आत बसवलं. रुखसाना चुलीसाठी भुसा पोत्यात भरत होती. मला पाहून तिचे हात थबकले. तिच्या आईने चहा आणि बशीत खारी आणून ठेवली आणि दाराला टेकून बसली.

अक्काने सगळं सांगितलं. ती शिकवल्यासारखं बोलायची, इथेही तसंच बोलली. वेगवान पिचर, हळू पिचर, सोडलेले बॉल. युसूफभाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तिचं झाल्यावर ते चांगल्या मराठीत म्हणाले, “पोरीने खेळू नये असं माझं म्हणणं नाही. मीच तिला पहिली बॅट करून दिली. पण शाळेच्या फळ्यावर आकडे लागले होते, ते मी वाचले. माझी पोर खालून दुसरी. आणि तुम्ही म्हणता, हिलाच न्यायचं. वरच्या पोरी सोडून हिला का? तिथे नेऊन चार दिवसांत परत पाठवाल. तुम्ही तुमच्या जळगावला जाल. तिला रोज याच गल्लीतून शाळेत जायचंय.”

अक्का पुन्हा सांगू लागली. त्यांनी हात वर केला. “ताई, तुमचा हिशोब बरोबर असेल. मला तो कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्यावर पोरीला कशी सोडू?” मग ते माझ्याकडे वळले. “ही कोण?”

“माझी बहीण, कुंदा.”

“फळ्यावर सगळ्यात वर होती ती?”

मी मान हलवली.

“मग तुला नाही नेत?”

“नाही.”

“वाईट वाटलं नाही?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. खारी चहात भिजून पडली होती, मी ती चमच्याने काढत बसले. अक्का जमिनीकडे पाहत होती. तिने डोळ्यांनीसुद्धा मला काही सांगितलं नाही. मी गप्प राहिले असते, तरी कोणी मला बोल लावला नसता.

“वाटलं,” मी म्हटलं. “अजून वाटतंय.”

मला पुढे बोलावं लागणार होतं. मी धुळ्याचा सामना सांगितला, तोही अक्काच्या आकड्यांनी नाही, मला आठवला तसा. धुळ्याची पिचर फार जोरात फेकायची. माझ्या वेळी तिने एक बॉल खांद्याच्या वर टाकला. तो सोडायचा असतो, चार वाईट बॉल पडले की बॅटरला फुकट बेस मिळतो. पण मैदानाबाहेरून पोरी माझं नाव घेऊन ओरडत होत्या आणि मला तो बाभळीत मारायचा होता. मी बॅट फिरवली. हुकला. तिने पुन्हा तिथेच टाकला, मी पुन्हा फिरवली. तिला कळलं होतं की ही पोर इथे फसते. नंतर रुखसाना आली. तिला तिने तसेच टाकले, हिने एकालाही हात लावला नाही. सरळ आलेले बॉल कसेबसे बाजूला ढकलले. ती पिचर वैतागली, थांबून घाम पुसू लागली, आणि शेवटी चौथा वाईट बॉल टाकून तिनेच हिला बेसवर पाठवलं. “फळ्यावर त्याचा आकडा लागत नाही, चाचा. मारलं नाही ना तिने. पण त्या दिवशी धुळ्याच्या पोरीला दमवलं ते हिने. मला तिने दमवलं.”

हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. बोलून झालं आणि मला कळलं की अक्का गिरणीत जे बोलली, तेच मी आता माझ्या तोंडाने बोलले आहे.

युसूफभाईंनी मुलीला विचारलं, “क्यूं री, छोड देती है तू? कैसे?”

रुखसाना पहिल्यांदाच बोलली. “डर लगता है, अब्बा. इसलिये आखिर तक देखती हूं.”

तिची आई हसली. युसूफभाई हसले नाहीत. उठून दारापर्यंत गेले, खरादावरचं अर्धं झालेलं लाटणं हातात घेऊन फिरवत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, “जिचं नुकसान होतंय ती पोर इतक्या लांब येऊन हे सांगते. अजून कोणाचं ऐकायचं मी?” आणि बायकोला म्हणाले, “बिस्तर निकाल दे इसका.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. अक्काने न विचारता जागा सोडली. शेंगा मीच मागून घेतल्या.

शिबिराला जायच्या सकाळी युसूफभाई मुलीला घेऊन जळगावच्या स्टँडवर आले. आम्ही दोघी तिला बसवून द्यायला गेलो होतो. रुखसानाच्या पायात तिच्या भावाचे बूट होते, पुढे कापूस कोंबलेला. मी तिला माझे नवे बूट घालून पाहायला लावले, पण ते त्याहून मोठे निघाले. गाडी लागली. सर पोरींना मोजत होते. युसूफभाईंनी पिशवीतून एक डबा काढून मुलीला दिला आणि दुसरा माझ्यापुढे धरला.

“मी नाही जात, चाचा,” मी म्हटलं. मला वाटलं ते विसरले.

“माहीत आहे. हिच्या अम्मीने सांगितलंय, हा जी जात नाही तिचा.”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. रुखसाना त्या वर्षी संघात गेली, पण बाकावरच बसली. दुसऱ्या वर्षी खेळली. तिसऱ्या वर्षी तिच्या खांद्यात जोर आला आणि मग तिने मारायला सुरुवात केली, ती पुढे बरीच वर्षं. खेळाच्या जोरावर तिला नोकरी लागली. आता ती फैजपूरला मुलीकडे असते आणि ईदला मला फोन करते. मी राज्याला कधी गेले नाही. शिबिरानंतरच्या उन्हाळ्यात अक्का गच्चीवर मला बॉल टाकायची. तिला आयुष्यात एकही बॉल सरळ टाकता आला नाही, त्यामुळे वाईट बॉल सोडायचा माझा सराव उत्तम झाला. कॉलेजच्या संघात मी चार वर्षं आउटफिल्डला खेळले. आयुष्यात तेवढाच खेळ वाट्याला आला, आणि तो मी मन लावून खेळले. अक्काने पुढे धुळ्याच्या कॉलेजात शिकवलं. आता ती नाही.

पण त्या सकाळी गाडी गेली, युसूफभाई लाकूड बघायला बाजारात गेले, आणि आम्ही दोघी स्टँडच्या बाकावर डबा उघडून बसलो. गुळाच्या जाड पुऱ्या होत्या आणि लिंबाचं लोणचं. पुऱ्या अजून कोमट होत्या. अक्काने एक तुकडा तोडला आणि तो हातातच धरून बसली. गाडी वळली होती त्या फाटकाकडे ती पाहत होती. मला वाटायचं की तिचं गणित सुटलं म्हणजे तिच्या दृष्टीने विषय संपला.

“कुंदे,” ती म्हणाली, “माझं चुकलं असेल तर? ती तिथे खरंच कमी पडली तर?”

गिरणीत बोलली तेव्हाही ती इतकीच घाबरलेली असेल, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं. मी लोणच्याची फोड तिच्या पुरीवर ठेवली.

“तर तिला आणायला आपण दोघी जाऊ,” मी म्हटलं. “एरंडोलपर्यंत सोबत. त्या गल्लीतून तिला घेऊन मी पुढे चालेन.”

अक्काने मान हलवली आणि खायला लागली. भूक दोघींनाही चांगलीच लागली होती. डबा रिकामा झाला तेव्हा तिने तो नळावर धुतला, मी ओढणीच्या गाठीतल्या पैशातून खारे दाणे घेऊन तो भरला, आणि युसूफभाई येईपर्यंत आम्ही तिथेच बोलत बसलो.